चाक दुभाजकावर आदळल्यावर : पुढच्या सस्पेन्शनची तपासणी आणि दुरुस्ती

फूटपाथच्या कडेवर किंवा दुभाजकाच्या टोकावर पुढचे चाक जोरात आदळले की बहुतेक गाड्या तिथून थेट व्हील अलाइनमेंटच्या दुकानात जातात. तिथला कारागीर टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) फिरवून स्टिअरिंग सरळ करून देतो, गाडी सरळ धावू लागते आणि मालक निर्धास्त होतो. वास्तविक अलाइनमेंट हे मोजमाप आहे, दुरुस्ती नव्हे. वाकलेला लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा आडवा हात) तसाच ठेवूनही स्टिअरिंग सरळ करता येते. त्याचा हिशेब काही हजार किलोमीटरांनी चुकता होतो, टायरची एकच कड झिजून आतले धागे दिसू लागतात किंवा पावसात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते. म्हणून प्रस्तुत लेखातील क्रम असा आहे : आधी नेमके काय वाकले ते शोधावे, मग तो भाग बदलावा आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावे.

येथील वर्णन स्विफ्ट, वॅगन आर, आय-१०, टियागो अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांना लागू पडते. या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे खाली एक लोअर आर्म, वर शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र खांब, आणि दोघांच्या मध्ये चाकाचे हब धरणारा नकल. स्कॉर्पिओसारख्या गाडीत वर-खाली दोन विशबोन असल्याने तपासणीचे तत्त्व तेच राहते, पण खोलण्याची पद्धत बदलते.

धक्का कुठून कुठे जातो

आपल्याकडे वाहन डाव्या बाजूने चालत असल्यामुळे फूटपाथची कड सहसा डाव्या चाकाच्या वाट्याला येते आणि दुभाजक उजव्या चाकाच्या. फूटपाथची कड साधारण १५० मिलिमीटर उंच धरली, तर १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर असतो, म्हणजे चाकाचा मध्य जमिनीपासून ३०० मिलिमीटरच्या आसपास येतो. याचा अर्थ असा की कडेचा फटका चाकाच्या मध्याच्या बराच खाली बसतो आणि त्याचा मोठा भाग थेट लोअर आर्मवर येतो.

फटका समोरून बसला असेल तर चाक मागे ढकलले जाते. आर्मची मागची बुश (बोल्टभोवतीचा रबरी सांधा) फाटते, आर्म वाकतो आणि प्रसंगी ज्या क्रॉस मेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) आर्म जोडलेला असतो त्याचा कान, म्हणजे बोल्ट धरणारा पत्रा, दुमडतो. गाडी घसरत जाऊन चाक कडेवर आडवे आपटले असेल तर खालची बाजू आत दाबली जाते आणि टाय रॉड, नकल, शॉकअपची नळी व हबचे बेअरिंग यांवर जोर येतो. म्हणून गाडी कशी आदळली हे आठवून कागदावर लिहून ठेवावे : कोणते चाक, समोरून की तिरके, ब्रेक दाबलेला होता की नव्हता, अंदाजे वेग किती होता. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचून कड दिसेनाशी होते तेव्हा चालकाला धक्क्याची दिशा कळलेलीच नसते. अशा वेळी रिमवरचा ओरखडा पाहावा. ओरखडा बाहेरच्या तोंडावर असेल तर धक्का आडवा, आणि रिमची कड हबच्या दिशेने चेपली असेल तर समोरून बसलेला असतो.

जागेवरच पाहायच्या गोष्टी

गाडी सुरक्षित जागी थांबवून पार्किंग दिवे लावावेत आणि आदळलेले चाक दुसऱ्या बाजूच्या चाकाशी ताडून पाहावे. चाक कमानीत मागे सरकलेले दिसत असेल, वरून आत किंवा बाहेर कललेले असेल, टायर आतल्या प्लॅस्टिकला घासत असेल, खाली तेल वा ब्रेक ऑइल टपकत असेल, किंवा स्टिअरिंग सरळ धरल्यावर चाके सरळ राहत नसतील, तर गाडी स्वतःच्या चाकांवर पुढे नेऊ नये. स्टेपनी लावून हळूहळू घरी जाऊ, असा मोह अशा वेळी होतोच. पण बॉल जॉइंटची, म्हणजे आर्म आणि नकल जोडणाऱ्या गोल सांध्याची, दांडी निखळत आली असेल तर ती सुटताना पूर्वसूचना देत नाही आणि चाक एका क्षणात आडवे पडते. टोइंग करताना पुढची चाके उचलून न्यावीत. शक्य असेल तर, आणि ऑटोमॅटिक किंवा विजेवर चालणारी गाडी असेल तर आवर्जून, सपाट ट्रकच मागवावा.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत असे समजावे. त्यावर पॅच किंवा अन्य इलाज नाही, टायर बदलावाच लागतो. पोलादी रिम थोडी चेपली असेल तर ती मशिनवर सरळ करता येते, अलॉयला तडा असेल तर ती वेल्डिंग करून वापरू नये.

खोलण्यापूर्वी विम्याचा विचार

नुकसान मोठे वाटत असेल तर कोणताही बोल्ट सैल करण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे, कारण खोललेल्या गाडीचा पंचनामा नीट होत नाही आणि दावा अडकतो. चाक, रिम, कमान आणि धडक बसलेली कड यांची छायाचित्रे जागेवरच घ्यावीत. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यापुढच्या गाडीला २००० रुपये स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापण्याचे जादा कलम) घेतलेले नसेल तर रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला तो ४० टक्के असतो. टायरची भरपाई गाडीचेही नुकसान त्याच वेळी झाले असेल तरच मिळते, तीही निम्मी. शिवाय एका दाव्याने नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जातो, जो पाच दावेविरहित वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. ही सगळी बेरीज-वजाबाकी केल्यावर केवळ एक आर्म आणि टाय रॉड बदलायचा असेल तर दावा न करणे बहुधा फायद्याचे ठरते. क्रॉस मेंबर, रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर टाय रॉड सरकवणारा भाग) किंवा बॉडीला धक्का पोहोचला असेल तर मात्र दावाच करावा.

टेप, ओळंबा आणि खडू

या टप्प्याला घाई करू नये, कारण पुढचा सगळा खर्च याच्यावर ठरतो. गाडी शक्य तितक्या सपाट फरशीवर उभी करावी, चारही टायरमधील हवा सारखी करावी, डिकीतले सामान काढावे, चाके सरळ करावीत आणि पुढचा भाग बोनेटवर हाताने दोन-तीनदा दाबून सोडावा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसते.

पहिले माप मागे-पुढेचे. प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यावर ओळंबा धरून फरशीवर खडूची खूण करावी आणि डाव्या पुढच्या खुणेपासून डाव्या मागच्या खुणेपर्यंतचे, तसेच उजव्या बाजूचे अंतर मोजावे. दोन्ही बाजूंत पाच-सहा मिलिमीटरांपेक्षा जास्त फरक आला तर चाक मागे सरकले आहे, म्हणजे आर्म, त्याची मागची बुश किंवा क्रॉस मेंबर यांपैकी काहीतरी हलले आहे, असे धरून चालावे.

दुसरे माप कलण्याचे, म्हणजे कॅम्बरचे. चाकाच्या बाहेर, मध्यरेषेवर ओळंबा सोडून दोरीपासून रिमच्या वरच्या कडेपर्यंतचे आणि खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. १४ इंची रिमच्या दोन कडांमध्ये सुमारे ३८० मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे वरच्या व खालच्या मापांतला साडेसहा मिलिमीटरांचा फरक साधारण एक अंश होतो. फरशीला उतार असेल तर एका चाकाचा कल वाढलेला आणि दुसऱ्याचा घटलेला दिसतो. म्हणून गाडी उलट तोंड करून त्याच जागी पुन्हा उभी करावी, मापे परत घ्यावीत आणि प्रत्येक चाकाची सरासरी काढावी. डाव्या-उजव्या चाकांत अर्ध्या अंशाहून अधिक, म्हणजे तीन-साडेतीन मिलिमीटरांहून जास्त तफावत उरली तर संशयाला जागा आहे.

तिसरे माप फार थोडे लोक घेतात आणि खरे निदान त्याच्यातच आहे. रिमची आतली कड आणि शॉकअपची नळी यांच्यातले अंतर दोन्ही चाकांवर, हबपासून सारख्याच उंचीवर मोजावे. लोअर आर्म वाकला असेल तर चाक, नकल आणि शॉकअप हे तिन्ही एकत्र कलतात, त्यामुळे चाक तिरपे दिसूनही हे अंतर बदलत नाही. नकल किंवा शॉकअपची नळी वाकली असेल तर मात्र चाक आणि शॉकअप यांचे एकमेकांशी नाते बिघडते आणि अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा कमी-जास्त येते. दोन बाजूंच्या रिम व टायर एकाच मापाचे आहेत आणि आदळलेली रिम स्वतः वाकडी नाही, याची खात्री आधी करून घ्यावी; शंका असेल तर दोन्ही मापे एकच चांगले चाक अदलून-बदलून लावून घ्यावीत.

चाक उचलून तपासणी

हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून-मागून उटी (चाक अडवणारा ठोकळा) लावावी, गाडी जॅकने उचलून बॉडीखालच्या ठरलेल्या जागी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावी आणि मगच खाली हात घालावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणत्याही सबबीवर जाऊ नये.

चाक वर आणि खाली धरून हलवल्यावर ठक-ठक जाणवली तर बॉल जॉइंट किंवा हब बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर जाणवली तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या आतला जॉइंट, असा साधारण नियम आहे. कोणता भाग हलतो आहे हे कळण्यासाठी दुसऱ्या माणसाने चाक हलवावे आणि आपण त्या सांध्यावर बोट ठेवावे. डोळ्यांना न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते. नंतर चाक हाताने फिरवून रिमजवळ एखादी तार स्थिर धरावी आणि रिमची कड त्या तारेपासून किती आत-बाहेर होते ते पाहावे. दीड मिलिमीटरच्या पुढे हालचाल असेल तर रिम किंवा हब वाकडा आहे. दुसरी रिम लावून तेवढीच हालचाल दिसली तर दोष हबचा.

आता टॉर्चच्या प्रकाशात प्रत्येक भाग पाहावा. ताण पडलेल्या पोलादावरचा रंग पापुद्रे होऊन उडालेला असतो आणि तिथे ताजी चकाकी किंवा एक-दोन दिवसांचा नारिंगी गंज दिसतो. टाय रॉडवर पट्टी टेकवून तो सरळ आहे का ते पाहावे. अनेक गाड्यांत हाच सर्वांत बारीक भाग असल्यामुळे तो आधी वाकतो. आर्मच्या बुशचे रबर मधल्या नळीपासून सुटले आहे का, रॅकचा बूट (रबरी आवरण) फाटला आहे का, ॲक्सलच्या बूटमधून ग्रीस उडाले आहे का, शॉकअपवर तेलाचा ओला पट्टा आहे का, आणि आर्म ज्या कानांत बसतो ते क्रॉस मेंबरचे कान समांतर आहेत का, हे क्रमाने तपासावे. बोनेट उघडून शॉकअपचा वरचा माउंट आणि त्याभोवतालचा पत्रा पाहायला विसरू नये. तिथले सीलंट तडकलेले असेल किंवा रंगाला सुरकुत्या पडल्या असतील तर काम गॅरेजचेही नाही, बॉडी मापून ओढणाऱ्या बेंचचे आहे.

घरी काय करावे, काय करू नये

लोअर आर्म, टाय रॉड एंड आणि लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी) हे पाने चालवण्याची सवय असलेल्या माणसाला घरी बदलता येतात. शॉकअप बदलताना स्प्रिंग दाबावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते. योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर शॉकअप जोडणीसह काढून गॅरेजमध्ये न्यावा. हब बेअरिंगला हायड्रॉलिक प्रेस लागतो. क्रॉस मेंबर बदलताना इंजिनाला आधार द्यावा लागतो, म्हणून तेही काम बाहेरचेच.

वाकलेला आर्म किंवा नकल तापवून अथवा ठोकून सरळ करून देणारे अजूनही भेटतात. हे कधीही करू नये. दाबलेल्या पत्र्याचा आर्म एकदा वाकून पुन्हा सरळ झाला की त्याच घडीवर तडा धरतो, आणि ओतीव नकलचा तडा तर बाहेरून दिसतही नाही. भंगार बाजारातला वापरलेला आर्मही घेऊ नये. तो ज्या गाडीतून निघाला ती गाडी भंगारात का गेली, हे विक्रेता सांगत नसतो. नव्या भागावर कंपनीचे होलोग्रॅम व भाग क्रमांक पाहावा, गाडीचा चासी क्रमांक देऊन भाग मागवावा आणि एकदाच वापरायचे नट-बोल्ट त्याच खेपेत घ्यावेत.

लोअर आर्म बदलणे

गोटी पान्यांचा संच, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना), लांब टॉमी (रेटण्याची पहार), टाय रॉड सुटा करणारा पुलर, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे आणि दोन घोड्या, एवढे साहित्य लागते. कामाच्या आदल्या रात्री सर्व बोल्टवर स्प्रे मारून ठेवावा. किनारपट्टीवरच्या गाड्यांत, म्हणजे मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यात, हा उपाय केला नाही तर बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेले सापडतात. सुरुवातीलाच चांगल्या बाजूला गाडी जमिनीवर असताना हबच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजून लिहून ठेवावे. ते पुढे लागणार आहे.

चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करून, गाडी घोडीवर घेऊन चाक काढावे. एबीएस सेन्सरची वायर कुठून कशी जाते ते पाहून तिची क्लिप सोडवावी, म्हणजे नकल हलताना ती ताणली जाणार नाही. स्टॅबिलायझर बारचा (वळणावर गाडीचे झुकणे रोखणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड आर्मला जोडलेला असेल तर तो सोडावा. दोन्ही चाके अधांतरी असली तर बारवरचा पीळ नाहीसा होतो आणि हे काम सोपे होते.

अनेक लहान गाड्यांत बॉल जॉइंट आर्मचाच भाग असतो आणि त्याची दांडी नकलच्या चिरेत बसवून आडव्या बोल्टने आवळलेली असते. हा आडवा बोल्ट पूर्ण बाहेर काढावा, कारण तो दांडीच्या खाचेतून जातो आणि अर्धवट सैल करून दांडी निघत नाही. त्यानंतर टॉमीने आर्म खाली दाबून दांडी मोकळी करावी. चीर जास्त फाकवू नये. दांडी निघाल्यावर नकल बाहेरच्या बाजूला ओढू नये. ओढल्यास ॲक्सलचा आतला सांधा सरकून निसटतो, गिअरबॉक्सचे तेल सांडते आणि दुप्पट काम अंगावर येते. नकल तारेने शॉकअपला बांधून ठेवणे उत्तम.

आता आर्मचे पुढचे आणि मागचे बोल्ट काढून आर्म बाहेर घ्यावा, आणि नवा आर्म त्याच्या शेजारी फरशीवर ठेवावा. दोन्ही बुशांपासून बॉल जॉइंटपर्यंतची अंतरे दोन्ही आर्मवर मोजावीत. जुना आर्म वाकलेला असेल तर फरक इथे उघड होतो. आणि फरक आलाच नाही, तर आपले निदान चुकले आहे व दोष क्रॉस मेंबर, नकल किंवा शॉकअपमध्ये शोधायला हवा. याच वेळी क्रॉस मेंबरच्या कानांमधील अंतर दुसऱ्या बाजूशी ताडून पाहावे. नवा आर्म हाताने जागेवर जायला हवा. हातोड्याने ठोकून किंवा टॉमीने रेटून बसवावा लागत असेल तर थांबावे, कारण कान दुमडलेले आहेत.

आर्मचे दोन्ही बोल्ट घालून फक्त हातघट्ट करावेत. बॉल जॉइंटची दांडी साफ करून नकलमध्ये पूर्ण आत सारावी. ती पूर्ण बसली की आडवा बोल्ट बोटांनी आरपार जातो. बोल्ट अडत असेल तर दांडीची खाच समोर आलेली नाही, म्हणून बोल्ट ठोकून घालू नये. बोल्ट आवळून झाल्यावर आर्म टॉमीने खाली दाबून दांडी निसटत नाही ना, हे पाहावे.

आर्मच्या बुशचे बोल्ट अधांतरी आवळू नयेत, ही गोष्ट घाईच्या कामात हटकून राहून जाते. बुशचे रबर मधल्या नळीला चिकटवलेले असते आणि बोल्ट आवळला की ती नळी जखडली जाते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि नवी बुश काही महिन्यांत फाटते. म्हणून नकलच्या खाली, बॉल जॉइंटजवळ जॅक लावून, सुरुवातीला लिहून ठेवलेले हब ते कमान हे अंतर येईपर्यंत चाकाची बाजू उचलावी, आणि त्या स्थितीत बुशचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळावेत. प्रत्येक बोल्टचा टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच ठेवावा. दुसऱ्या मॉडेलचा आकडा चालत नाही.

टाय रॉड

टाय रॉड एंडचा लॉक नट अर्धा फेरा सैल करावा, नकलच्या बाजूचा नट काढावा आणि पुलरने दांडी सोडवावी. पुलर नसेल तर दांडी ज्या कडीत बसते तिच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने एक-दोन ठोके द्यावेत, दांडी सैल होते. नटाच्या टोकावर खालून ठोकू नये, आटे चेपतात. एंड किती आट्यांवर होता याची खूण करण्याची प्रथा आहे, पण टाय रॉडच वाकला असेल तर ती खूण निरुपयोगी ठरते. अशा वेळी चांगल्या बाजूच्या टाय रॉडची उघडी लांबी मोजून तितकीच नव्या बाजूला ठेवावी. वाकलेला भाग एंडमध्ये नसून रॅकला जोडलेल्या आतल्या दांड्यात असेल तर बूट काढून तो दांडा बदलावा. त्याच वेळी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. मध्येच जड लागत असेल तर रॅकची पट्टी वाकली आहे आणि रॅक बदलणे भाग आहे.

नव्या एंडची दांडी नट आवळताना नटासोबत फिरू लागली तर एंडखाली जॅक टेकवून किंचित दाब द्यावा, म्हणजे ती कडीत धरून राहते. खाचांचा नट असल्यास ठरलेला टॉर्क दिल्यानंतर पिनचे छिद्र जुळवण्यासाठी नट पुढेच न्यावा, मागे सोडू नये, आणि पिन नवी वापरावी.

शेवटी चाक लावून नट आडव्या-उभ्या क्रमाने, तारांकित पद्धतीने आवळावेत. लहान गाड्यांत हा टॉर्क साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. दुकानात हवेच्या गनने आवळलेले नट घरी आल्यावर एकदा टॉर्क रेंचने तपासलेले बरे.

अलाइनमेंटचा कागद वाचणे

दुकानापर्यंत जाण्याइतका टो, म्हणजे वरून पाहता दोन्ही चाके पुढे एकमेकांकडे किंवा बाहेर किती वळली आहेत ते, घरीच जुळवता येतो. दोन्ही पुढच्या टायरच्या एकाच खाचेतील अंतर चाकाच्या मध्याच्या उंचीवर समोरून आणि मागून मोजावे, आणि दोन मापे दोन-तीन मिलिमीटरांच्या आत येईपर्यंत टाय रॉड फिरवावा. मग गाडी हळू चालवत नेता येते.

दुकानात काम सुरू होण्यापूर्वीचे आणि झाल्यानंतरचे, असे दोन्ही छापील कागद मागावेत. बहुसंख्य लहान गाड्यांत फक्त टो बदलता येतो. कॅम्बर शॉकअपच्या खालच्या बोल्टांच्या ढिलाईइतकाच हलतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळते तिचा बाजूने दिसणारा मागे-पुढे कल, हलतच नाही. त्यामुळे टो हिरवा (मर्यादेत) पण कॅम्बर किंवा कॅस्टर लाल (मर्यादेबाहेर) असलेला कागद दाखवून कारागीर "एवढं चालतं, साहेब" म्हणाला, तरी ते चालत नाही. दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक उरला असेल तर कुठला तरी भाग अजून वाकलेला आहे. गाडी ज्या बाजूचा कॅस्टर कमी किंवा कॅम्बर अधिक धन (चाक वरून जास्त बाहेर कललेले) असतो त्या बाजूला ओढते. डाव्या चाकाचा आर्म मागे व आत वाकला की या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात आणि गाडी डावीकडे झुकते.

मशिन किंगपिनचा कल, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळते तिचा समोरून दिसणारा आतला कल, दाखवत असेल तर तोही छापून घ्यावा. कॅम्बर बिघडलेला आणि किंगपिनचा कल मात्र दोन्ही बाजूंना सारखा असेल तर नकल किंवा शॉकअप वाकला आहे. दोन्ही बिघडले पण त्यांची बेरीज दुसऱ्या बाजूइतकीच येत असेल तर आर्म, क्रॉस मेंबर किंवा शॉकअपच्या वरची बॉडी जागची हललेली आहे. ओळंबा आणि टेपने घेतलेले तिसरे माप हेच सांगत होते. दोन्ही निष्कर्ष जुळले तर निश्चिंत होऊन भाग मागवावा.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग किंवा स्थिरता नियंत्रण असलेल्या गाडीत, स्टिअरिंगचा मध्य बदलला असल्यास, त्याच्या सेन्सरचे शून्य स्कॅनरने पुन्हा ठरवून घ्यावे लागते. ते राहिले तर डॅशबोर्डवर दिवा लागतो किंवा वळणानंतर स्टिअरिंग मध्यावर परत येत नाही.

नंतरचे काही आठवडे

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगाने मारावी, हलका व नंतर जोराचा ब्रेक देऊन गाडी सरळ थांबते का ते पाहावे आणि गतिरोधकावरून जाताना ठक-ठक ऐकावी. सुमारे १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट व खोललेले सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत.

हब बेअरिंगचा आवाज बऱ्याचदा त्या दिवशी येत नाही. फटक्याने आतल्या धावेवर पडलेले बारीक खड्डे पुढच्या काही शे किलोमीटरांत घुमणारा आवाज काढू लागतात. उजवीकडे वळताना वजन डावीकडे जाते, म्हणून उजव्या वळणावर घुमणे वाढले तर डावे बेअरिंग, आणि डाव्या वळणावर वाढले तर उजवे बेअरिंग समजावे.

हजारेक किलोमीटर झाल्यावर पुढच्या टायरवर तळहात आडवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागले तर टो पुन्हा मोजून घ्यावा. एकच कड झिजत असेल तर टो सोडून द्यावा, कॅम्बरचा कागद काढावा आणि आदळलेल्या बाजूची तिन्ही मापे पुन्हा घ्यावीत.